शिकागोची मोनॅडनॉक: सोळा मजले, सहा फूट जाडीची विटेची भिंत आणि खाली मऊ माती

ओळंबा

गगनचुंबी इमारतींच्या जुन्या धाग्यावर एक वाक्य आलं होतं, "पहिल्या उंच इमारती म्हणजे सगळा पोलादाचा खेळ." ते अर्धंच खरं आहे. शिकागोतली मोनॅडनॉक इमारत त्याला आडवी येते, म्हणून वेगळा धागा काढतोय. सांगली-मिरज-साताऱ्याकडची बांधकामातली बरीच मंडळी इथं आहेत, त्यामुळे नुसत्या कौतुकापेक्षा विटा, पाया आणि खचण्यावर बोलू.

थोडक्यात माहिती. पत्ता 53 वेस्ट जॅक्सन बुलेवार्ड, शिकागो. इमारत एक दिसते पण तिचे दोन वेगळे अर्धे भाग आहेत. उत्तरेकडचा अर्धा भाग 1891 चा. त्याचे वास्तुरचनाकार बर्नहॅम आणि रूट, त्यातही हात मुख्यतः जॉन वेलबॉर्न रूट यांचा. सोळा मजले, 215 फूट उंची, बाहेरच्या भिंती भार घेणाऱ्या आणि विटेच्या. तळाला जाडी 6 फूट, माथ्याला 18 इंच. दक्षिणेकडचा अर्धा भाग 1893 चा, होलाबर्ड आणि रोश या जोडीचा, आणि तो पोलादी सांगाड्यावर उभा आहे. दोन वर्षांचं अंतर, एकच रस्ता, एकच मालक (बोस्टनचे ब्रूक्स बंधू), पण बांधायची रीत पार बदललेली.

रूट यांनी ही इमारत पुरी झालेली पाहिली नाही. जानेवारी 1891 मध्ये न्यूमोनियानं ते गेले, वय 41.

उत्तर भागावर नक्षी जवळजवळ नाहीच. जांभळट-तपकिरी वीट, खालून वर सलग गेलेल्या बे विंडो (भिंतीबाहेर पुढे आलेल्या खिडक्या), तळाशी भिंत किंचित आत वळते आणि माथ्याशी पुन्हा बाहेर येते. कळस नाही, कंगोरे नाहीत. पीटर ब्रूक्स यांचं म्हणणंच होतं की पुढे आलेली नक्षी म्हणजे धूळ आणि कबुतरं. बजेटवाल्या मालकाच्या तोंडचं हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही बिल्डरला पटेल!

गावभाग

सहा फूट हा आकडा कुठून आला ते सांगा की. गणित करून काढला की नियमानं?

ओळंबा

नियमानं. तेव्हाचा शिकागोचा हिशोब असा सांगतात: एका मजल्याला 12 इंच भिंत, आणि वर चढणाऱ्या प्रत्येक मजल्यामागे तळाच्या जाडीत 4 इंच वाढवायचे. 16 मजले म्हणजे 12 अधिक पंधरा चोक साठ, एकूण 72 इंच. बरोबर सहा फूट.

विटकरी

नियम बाजूला ठेवून आपल्या कोष्टकांनी ताळा करून बघू, मजा येते.

विटेच्या बांधकामाचं वजन घनमीटरला साधारण 1900 किलो धरा. 215 फूट म्हणजे 65.5 मीटर. सरळसोट, एकाच जाडीची भिंत उभी केली तर निव्वळ स्वतःच्या वजनानं तळाला चौरस सेंटिमीटरवर 12.4 किलो ताण येतो. जाडी कितीही घ्या, हा आकडा बदलत नाही, कारण भिंत जाड केली की वजनही तेवढंच वाढतं. इथंच पुष्कळ लोक फसतात. स्वतःच्या वजनापुरतं बोलायचं तर जाडी वाढवून फायदा होतो तो फक्त भिंत वर जाताना निमुळती केली तर. 72 इंचांपासून 18 इंचांपर्यंत सारखी निमुळती धरली तर सरासरी जाडी 45 इंच, आणि तळाचा ताण 7.8 किलोच्या आसपास येतो. मजल्यांचा भार वेगळा.

आता आपली वीट. आयएस 1077 (विटांचं भारतीय मानक) मधली सगळ्यात खालची प्रत 3.5, म्हणजे वीट चिरडायला चौरस सेंटिमीटरला साधारण 35 किलो लागतात. पण आयएस 1905 (विटेच्या बांधकामाचं मानक) प्रमाणे तिच्या बांधकामावर, तगडा मॉर्टर (सांध्यातला मसाला) धरूनसुद्धा, 3.5 किलोच चालतात. दहापट फरक, कारण भिंत एका विटेसारखी वागत नाही. सांधे आहेत, ओळंबा चुकतो, भार मधोमध पडत नाही. 3.5 किलो म्हणजे सरळ भिंत 18 मीटरवर, साठेक फुटांवर संपली, आणि तीही वर एकसुद्धा स्लॅब न टाकता. 10 च्या प्रतीची वीट घेतली तरी सरळ भिंत 52 मीटरला थांबते. सोळा मजल्यांना विटेत जायचं तर निमुळती भिंत आणि उत्तम भाजलेली वीट, दोन्ही लागतात. दुसरी वाट नाही.

आणि 6 फुटी भिंतीला विटा किती लागतात ते बघा. 19 सेंमीच्या मॉड्युलर विटेचा हिशोब घनमीटरला 500. या भिंतीचा एक मीटर लांब आणि एक मीटर उंच तुकडा म्हणजे 1.83 घनमीटर, 915 विटा. आपल्या नऊ इंची भिंतीत तेवढ्याच तुकड्याला 115 लागतात.

मिरज जंक्शन

विटकरी दादा, एक भर घालतो. ही भिंत सलग नाहीच. मधे बे विंडोच्या उभ्या पट्ट्या आहेत, म्हणजे भार खांबासारख्या विटेच्या पट्ट्यांतून खाली येतो. त्यामुळे त्या पट्ट्यांत ताण तुमच्या आकड्यापेक्षा जास्त असणार. दुसरं, आतून इमारत विटेची नाही. मजले ओतीव आणि घडीव लोखंडाच्या खांब-तुळयांवर आहेत. "पूर्ण विटेची इमारत" असं जे लिहितात ते चूक. बाहेरचं कवच विटेचं, पोटात लोखंड.

विटकरी

मान्य. पट्ट्यांचं खरं माप हाती असल्याशिवाय त्याचा आकडा टाकत नाही.

हरिपूरकर

एवढ्या जाड भिंतीत मधल्या विटांचं काय करतात? आपल्याकडे दोन फुटी भिंतीतसुद्धा बाहेरचे दोन पदर छान रचतात आणि मधे रोडे, माती, जे सापडेल ते ढकलतात.

विटकरी

तोच तर रोग. जाड भिंत मोडते ती वजनानं कमी आणि पदर सुटल्यामुळे जास्त. बाहेरचा पदर एकीकडे, आतला दुसरीकडे, मधलं भरण खाली बसतं आणि पाचरीसारखं दोन्ही पदरांना बाहेर रेटतं. पुढचं पोट सुटलं की समजायचं.

नीट काम असं. वीट भिजवून घ्यायची, टाकीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. कोरडी वीट मॉर्टरमधलं पाणी पिते आणि सांधा भुसभुशीत राहतो. विटेवरच्या शिक्क्याची खाच वर ठेवायची, म्हणजे ती मॉर्टरनं भरते. प्रत्येक थरातले मधले उभे सांधेसुद्धा भरायचे. थापीनं वरून नुसतं सारवलं तर आत पोकळी राहते. ठरावीक थरांनी हेडर विटा (लांबी भिंतीच्या जाडीत जाईल अशा) आडव्या घालून पदर एकमेकांत गुंफायचे, आणि हेडरचे सांधे खालच्या थरातल्या सांध्यावर येऊ द्यायचे नाहीत. एका दिवसात दीड मीटरपेक्षा जास्त चढायचं नाही. चुन्याचं काम असेल तर त्याहून सावकाश, कारण खालचे थर ओले असताना वर भार आला की सांधे पिळून निघतात आणि भिंत ओळंब्यातून जाते. सगळी भिंत एका पातळीत वर न्यायची; एक कोपरा पुढे आणि दुसरा मागे ठेवला तर नंतर जोडावर चीर येते.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून एक नोंद. नुसत्या जाडीवर भरवसा ठेवल्याची किंमत आपण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत मोजली. तिथल्या दगड-मातीच्या भिंती जाडच होत्या. पण दोन पदरांना बांधणारे आरपार दगड नव्हते, वर मातीच्या धाब्याचं ओझं होतं, आणि पदर सुटून भिंती आत कोसळल्या. आजही तसली घरं उभी आहेत. त्यांना उपाय असा: भिंतीतून एकेक दगड हळूच काढून आरपार साधारण 75 मिमीचं भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली 8 मिमीची सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. पहारीनं ठोकून भोक पाडायचं नाही, धक्क्यानं आतलं भरण सांडतं. शिवाय छताच्या पातळीला चारी भिंतींना सलग पट्टा हवा, नाहीतर कोपरे उघडतात.

कोयनेचा 1967 चा भूकंप आमच्या जिल्ह्यातलाच. मोनॅडनॉकसारखी सळई नसलेली विटेची उंच इमारत इथं कुणी कागदावरही काढू नये. शिकागोत जमलं, कारण तिथं भूकंपाची धास्ती फार कमी. तिथला शत्रू वारा.

गावभाग

वाऱ्याचं सांगा. इमारत अरुंद आहे म्हणतात.

मिरज जंक्शन

अरुंद म्हणजे इतकी की मधे एकच बोळ आणि दोन्ही हातांना खोल्या. लांबीच्या दिशेनं काही प्रश्न नाही, पण रुंदीच्या दिशेनं वारा लागला की अरुंद इमारत कपाटासारखी कलंडू बघते. विटेचं वजन कलंडण्याला रोखतं, हा जाड भिंतीचा एक गुण. पण प्रत्येक मजला चौकटीसारखा तिरका होऊ पाहतो, त्याला वजन पुरत नाही. त्यासाठी रूट यांनी आतल्या लोखंडी खांबांच्या मधे पट्ट्या रिव्हेट करून पक्क्या चौकटी केल्या. याला पोर्टल म्हणतात. अमेरिकेतल्या इमारतीत वाऱ्यासाठी पोर्टल वापरण्याचा हा पहिला प्रयत्न मानतात.

तिरप्या पट्ट्या, म्हणजे फुलीची कैची, स्वस्त आणि ताठ असते. मग पोर्टल का? कारण फुली बोळात आणि दारात आडवी येते. पोर्टलमध्ये मधली जागा मोकळी राहते, ताकद कोपऱ्यातल्या जोडात असते. आजही पार्किंगचा तळमजला मोकळा हवा म्हणून आपण तेच करतो, आणि चुकतोही तिथंच: खांब-तुळईच्या जोडात रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्या) घालायचा कंटाळा. सळया दाटतात, रिंग बसत नाही, म्हणून सेंट्रिंगवाला जोडातली रिंग गाळतो. पोर्टलचा जीव त्या कोपऱ्यात असतो. तो ढिला झाला की नुसते उभे-आडवे दांडे उरतात.

काळवट

आता माझ्या विषयावर या. शिकागोच्या पोटात मऊ चिकणमाती, पक्का खडक खूप खाली. आपल्यासारखंच. मग पाया कसा केला?

पायाभरणी

काळवट ताई, "आपल्यासारखंच" यावर नंतर भांडू. आधी पाया.

जुनी पद्धत दगडी पायऱ्यांची. भिंतीखाली दगडाचा पसरट ढीग, प्रत्येक थर वरच्यापेक्षा थोडा बाहेर. दगड वाकण्यात कच्चा, त्यामुळे फार बाहेर काढता येत नाही आणि पाया खोल-खोल जातो. शिकागोत मातीचा वरचा थर त्यातल्या त्यात कडक, खाली गेलं की मऊ. म्हणजे खोल जाणं तोट्याचं! शिवाय दगडाचे डोंगर तळघर खाऊन टाकायचे.

रूट यांनी 1882 च्या माँटॉक ब्लॉकमध्ये तोडगा काढला. काँक्रीटचा थर, त्यावर रेल्वेचे रूळ शेजारी-शेजारी, त्यावर आडव्या दिशेनं दुसरा थर, आणि सगळं काँक्रीटमध्ये बुडवलेलं. रूळ वाकण्याला तोंड देतो, त्यामुळे थोड्या उंचीत पाया लांबवर पसरतो. आजच्या आरसीसी फुटिंगचा (पसरट काँक्रीट पायाचा) थेट आजोबा. काँक्रीटमध्ये बुडवण्यामागे गंज रोखणं हाही हेतू होता. उघडा रूळ ओल्या मातीत टिकत नाही. मोनॅडनॉक अशाच पसरट, "तरंगत्या" पायावर आहे. खडकाला टेकलेली नाही.

तरंगता पाया खचणार हे गृहीतच होतं. अंदाज 8 इंचांचा. 1905 पर्यंत 8 होऊन वर काही इंच झाले आणि तळमजल्याची दुरुस्ती करावी लागली. 1940 च्या दशकाअखेर खचण्याची बेरीज 20 इंचांवर गेली. रस्त्यावरून आत शिरताना पायरी खाली उतरते ती त्यामुळे.

हरिपूरकर

20 इंच खचून भिंतीला तडा नाही?

पायाभरणी

सगळी मिळून सारखी खाली गेली तर इमारतीला पत्ताही लागत नाही. त्रास होतो तो गटाराच्या पाइपला, पाण्याच्या जोडणीला आणि उंबऱ्याला. इमारत मोडते ती एक बाजू 2 इंच आणि दुसरी 5 इंच बसली की. म्हणून त्या काळचे लोक प्रत्येक फुटिंगचं क्षेत्रफळ भाराच्या प्रमाणात ठेवायचे, म्हणजे चौरस फुटाला भार सगळीकडे सारखा.

उलटं उदाहरण त्याच गावात आहे, 1889 चं ऑडिटोरियम. एका बाजूला जड मनोरा, बाकी इमारत हलकी. मनोरा जास्त बसणार हे तिचे वास्तुरचनाकार ॲडलर यांना ठाऊक होतं, म्हणून बांधकाम चालू असतानाच मनोऱ्याखालच्या पायावर विटा आणि बिडाचे ठोकळे रचून आगाऊ ओझं दिलं. तरी त्या इमारतीतल्या काही फरश्या आजही उतरत्या आहेत. कारण चिकणमाती लगेच बसत नाही. दाबाखाली तिच्यातलं पाणी कणाकणानं बाहेर जातं, त्याला वर्षं लागतात. काही महिने ठेवलेलं ओझं पन्नास वर्षांचं काम करत नाही.

आता भांडण. सांगलीची काळी माती आणि शिकागोची चिकणमाती या दोन वेगळ्या जाती आहेत. ती भार आला की दबते. आपली पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एकीवरचा इलाज दुसरीला लागू नाही.

काळवट

बरं, सपशेल मान्य. उलट आपल्याकडे हलकं बांधकाम जास्त मार खातं. कंपाउंडची भिंत, बाहेरचा संडास, एक मजली पडवी, यांना पहिल्या दोन पावसाळ्यांतच चिरा. चार मजल्यांखालची माती फुगायला बघते, पण ओझं तिला दाबून धरतं.

माती किती फुगणारी आहे ते साध्या चाचणीनं कळतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तर होतेच, समजून घ्यायला अवघड नाही. भट्टीत सुकवलेली माती 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. 10-10 ग्रॅमचे दोन वाटे. 100 मिलीची दोन मोजपात्रं, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. एकेक वाटा ओतायचा, काचेच्या कांडीनं हळू ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि 24 तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती 10 मिलीच्या रेघेला गप्प बसलेली असते, पाण्यातली वर चढलेली, फुगीर, कडेला ढगासारखी. समजा ती 17 वर आहे. फरक 7, भागिले 10, म्हणजे 70 टक्के. रॉकेल का, तर त्यात माती फुगत नाही, म्हणून ते मोजायची पट्टी. 50 च्या वर गेलेली माती रस्त्याच्या भरावालासुद्धा घेत नाहीत, मग घराखाली साधं फुटिंग कशाला?

चुका दोन होतात. बुडबुडे न काढता आकडा वाचणं, आणि वरची शेतातली माती नमुना म्हणून देणं. नमुना पाया जिथं टेकणार त्या खोलीचा हवा.

गावभाग

50 च्या वर आलं तर काय करायचं?

काळवट

घर लहान आणि काळा थर उथळ असेल तर तो पूर्ण काढून मुरूम भरायचा. 150 ते 200 मिमीचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. तीन फूट मुरूम एका दमात टाकून वरून पाणी सोडणाऱ्या ठेकेदाराला तिथंच थांबवा. वरचं सहा इंच घट्ट होतं, खाली पोकळ.

थर खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे खाली लाडवासारखा फुगा असलेला खांब. 300 मिमीच्या खांबाला फुगा अडीचपट, 750 मिमीचा. माती जिथं वर्षभर सारखी ओली राहते त्या खोलीत तो फुगा अडकतो, मग वरची माती फुगून खांब उपटू शकत नाही. वरची तुळई जमिनीला टेकवायची नाही, खाली निदान 80 मिमी मोकळी जागा सोडायची. हीच जागा हमखास बुजवली जाते! तुळई ओतताना खाली पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) करतात आणि तशीच ठेवतात, किंवा "उंदीर जातील" म्हणून मागाहून रोडे भरतात. मग माती फुगते, तुळईला उचलते, आणि लोक म्हणतात पाइलचा उपयोग झाला नाही.

घराभोवती दीड-दोन मीटरचा फरशीचा पट्टा, बाहेर उतार, आणि गटाराचा चेंबर भिंतीपासून लांब. गळका चेंबर एका कोपऱ्याची माती बारमाही ओली ठेवतो, चीर त्याच कोपऱ्यातून चढते.

कृष्णाकाठ

पुराचा मुद्दा सुटला. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातल्या मातीत बांधलेल्या जुन्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात आणि पाणी ओसरल्यावर पडतात. भिंतीच्या पोटातली माती भिजून गाळ झालेली असते, बाहेरून दाबून धरणारं पाणी निघून गेलं की आतला गाळ भिंत फोडतो. पाणी उतरल्या-उतरल्या आत जाऊन सामान काढू नये. आधी टेकू, मग सामान. आणि ओल्या भिंतीला लगेच सिमेंटचा गिलावा करू नये, आतली ओल कोंडते.

ओळंबा

धागा सांगलीत परत आला, चांगलंच झालं. पण मोनॅडनॉकचं देखणेपण राहूनच गेलं.

कोपरे बघा. तळाशी इमारतीचा कोपरा धारदार आहे आणि वर जाताना तो हळूहळू छाटला जातो, माथ्याशी रुंद तिरपी पट्टी होते. ही पट्टी विटा तासून केलेली नाही, मुद्दाम साच्यात पाडलेल्या विटा आहेत.

विटकरी

आणि साच्यातच हव्यात. वीट तासली की भाजलेली कातडी जाते, आतला सच्छिद्र गर उघडा पडतो. तो पाणी पितो, रंग वेगळा दिसतो, शिकागोसारख्या थंडीत आतलं पाणी गोठून पापुद्रे सुटतात. आपल्याकडे थंडी नाही पण मिठाचा पांढरा फुलोरा येतो.

तळाशी जी वळणदार भिंत आहे तशी रचायची तर दोरी आणि ओळंबा पुरत नाही. वळणाच्या आकाराची फळी कापून उभी बांधायची आणि प्रत्येक थराला ओळंब्यापासून किती आत जायचं त्याच्या खुणा तिच्यावर करायच्या. चार-पाच थर अंदाजानं लावले की वळणाला गुडघा येतो आणि तो खालून स्पष्ट दिसतो. साधी भिंत चुकली तर गिलावा झाकतो. उघड्या विटेत, त्यातही नक्षी नसलेल्या भिंतीत, झाकायला काहीच नसतं. मला ही इमारत आवडते ती एवढ्यासाठी.

मिरज जंक्शन

आत जिने बघण्यासारखे. वरच्या मजल्यांवर ओतीव लोखंडावर कांस्याचा मुलामा, तळमजल्यावर चक्क ॲल्युमिनियम. आज पातेल्याचा धातू, पण स्वस्तात ॲल्युमिनियम काढायची विजेची रीत 1886 ची, म्हणजे तेव्हा पाचच वर्षं झालेली. इमारतीच्या कामात ॲल्युमिनियम वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हे जिने मोडतात.

मधल्या बोळाला खिडकी नाही, तरी तो मिट्ट काळोखी नाही. दोन्ही बाजूंच्या खोल्यांच्या भिंतींत पिसासारखी नक्षी उठवलेली अर्धपारदर्शक काच आहे. बाहेरचा उजेड बे विंडोतून खोलीत, खोलीतून काचेतून बोळात. विजेचे दिवे तेव्हा मंद आणि महाग, त्यामुळे भाड्याचा दर उजेडावर ठरायचा. आपल्या वाड्यांत चौक जे काम करतो ते इथं काच करते.

गावभाग

मग एवढं सगळं जमलेलं असताना दोन वर्षांत विटेला रामराम का?

ओळंबा

जागेचं भाडं. 30 फूट रुंद प्लॉटवर दोन्ही बाजूंना 6 फुटी भिंत घाला: उरले 18 फूट. तळमजल्याची 40 टक्के रुंदी विटेत गेली, आणि दुकानाचं सगळ्यात जास्त भाडं तळमजल्यालाच. पोलादी सांगाड्यात भिंत स्वतःचा भार मजल्यागणिक तुळईवर देते, म्हणजे तळाला आणि माथ्याला सारखीच पातळ. वजन कमी, म्हणून पायाही हलका. काम लवकर होतं, कारण सांगाडा उभा राहिला की वरच्या आणि खालच्या मजल्यांवर एकदम भिंती सुरू करता येतात. दक्षिण भाग स्वस्तात पडला आणि भाड्याची जागा जास्त मिळाली. त्यावर होलाबर्ड-रोश यांनी नक्षीही केली, मला विचाराल तर तिथंच तो भाग थोडा सामान्य झाला.

सांगाडा शिकागोत नवा नव्हता. वास्तुरचनाकार जेनी यांची होम इन्शुरन्स इमारत 1885 ची, दहा मजली, लोखंडी-पोलादी सांगाड्याची. "पहिली गगनचुंबी" म्हणून बहुधा तिचंच नाव घेतात. ती 1931 मध्ये पाडली.

अजिंक्यतारा

पोलादाला आगीचं भय असतं, तेही लिहा. 1871 च्या आगीत शिकागोनं उघडं लोखंड मऊ होऊन लोळताना पाहिलं. 550 अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्मी होते. म्हणून तिथं खांब-तुळयांना भाजलेल्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांचं कवच घालायची रीत पडली. आपल्या एमआयडीसीत शेडचे खांब उघडेच रंगवून सोडतात, आणि तो साधा रंग आगीत कवचाचं काम करत नाही.

हरिपूरकर

तिकडे पोरं शिकायला-नोकरीला असलेली पुष्कळ कुटुंबं आपल्या भागात आहेत. कुणी शिकागोला गेलंच तर काय बघायचं तेवढं नीट सांगा.

मिरज जंक्शन

इमारत आजही वापरात आहे, वर कचेऱ्या, खाली दुकानं. 1979 पासून बरीच वर्षं दुरुस्ती करून फरशी, लाकूडकाम आणि दिवे मूळच्यासारखे केले आहेत. जॅक्सन बुलेवार्डच्या दारानं शिरा, पायरी उतरते तिकडे लक्ष ठेवा. मधल्या बोळातून सरळ दक्षिणेकडे चालत गेलात की विटेच्या भागातून पोलादाच्या भागात कधी आलात ते कळणार नाही. कळायचं असेल तर उत्तरेकडच्या एखाद्या दुकानात जाऊन रस्त्याकडच्या खिडकीशी उभे राहा आणि काचेपर्यंत भिंत किती जाड आहे ते बघा. मग तेच दक्षिणेकडच्या दुकानात.

बाहेर डिअरबॉर्न रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभं राहिलं की दोन्ही भाग एका नजरेत येतात. सकाळी जा, ती पूर्वेची बाजू आहे. कोवळं ऊन आडवं पडतं तेव्हा तळाचं वळण दिसतं. दुपारी भिंत सपाट वाटते. वेळ असेल तर जवळच ला साल रस्त्यावर बर्नहॅम-रूट यांचीच 1888 ची रूकरी इमारत आहे. तिची आतली लॉबी फ्रँक लॉइड राइट यांनी 1905 मध्ये नव्यानं केली, तीही बघून घ्या.

विटकरी

आणि दुकानातल्या खिडकीशी गेलात तर टेप घेऊन जा. भिंतीला आतून गिलावा आणि लाकूड असणार, त्यामुळे माप 72 इंच बरोबर येणार नाही. ते वजा करायचं.